शॉकअप बदलताना आधी मागच्या सीटला विचारा

घरात जुनी मोटारसायकल असली की तिच्या तब्येतीची चर्चा बहुधा इंजिनापाशी सुरू होते आणि इंजिनापाशीच संपते. पिकअप कमी झालाय, कार्ब्युरेटर साफ करायला हवा, चेन आवाज करतेय, मायलेज पूर्वीसारखे राहिले नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या त्या दोन स्प्रिंगांबद्दल, ज्यांना इंग्रजीत शॉक अॅब्सॉर्बर म्हणतात आणि आपल्याकडच्या गॅरेजांत सगळे जण 'शॉकअप' म्हणतात, मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. याचे कारण साधे आहे. शॉकअप बिघडल्याची पहिली कळ ज्याला लागते तो माणूस गाडी चालवत नसतो, तो मागे बसलेला असतो.

आणि आपल्या घरांत मागे बसणारी व्यक्ती बहुधा बाईमाणूस असते. बायको, आई, सासूबाई, कॉलेजला सोडायची मुलगी. ती म्हणते, "कंबर मोडली हो!" पुढून उत्तर येते, "रस्ताच तसा आहे, मी काय करू?" या एका वाक्यावर तक्रार निकालात निघते आणि गाडी पुढच्या खड्ड्यात जाते. रस्ते खराब आहेत हे खरेच. पण त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने जाणारी शेजारची गाडी मागच्या माणसाला एवढी आपटत नसेल, तर सगळा दोष रस्त्याच्या माथी मारून चालणार नाही.

मी काही इंजिनिअर नाही. कॉलेजात शिकवते, आणि गेली वीसेक वर्षे मामंजींच्या काळातल्या बुलेटच्या मागच्या सीटवरची कायमची प्रवासी आहे. त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार चालवणाऱ्यांपेक्षा माझ्याकडे कणभर जास्तच आहे, असे मी मानते. मागच्या वर्षी आमच्या गाडीचे शॉकअप बदलायची वेळ आली तेव्हा थोडे वाचले, थोडे मेस्त्रींकडून समजून घेतले, थोडे घरच्या घरी मोजून पाहिले. ज्यांच्या अंगणात अजून जुनी बुलेट, येझदी, आरएक्स १०० किंवा पहिल्या पिढीतली स्प्लेंडर उभी आहे, त्यांना ते उपयोगी पडेल म्हणून हा खटाटोप.

मागच्यालाच जास्त का बसते?

बैलगाडीतून प्रवास केलेल्या जुन्या माणसांना हे सांगायची गरज नाही. गाडीत कुठे बसलो यावर किती आपटायचे ते ठरते. मोटारसायकलवर चालवणारा साधारण दोन चाकांच्या मधल्या भागात बसतो, म्हणजे त्याचे वजन दोन्ही चाकांवर वाटले जाते. मागचे चाक उडाले तरी तो झोपाळ्याच्या मध्यावर बसल्यासारखा असतो. शिवाय त्याचे हात हँडलवर आणि पाय फूटरेस्टवर भक्कम टेकलेले असतात. समोरचा खड्डा दिसत असल्यामुळे तो आपसूकच थोडा उठतो, अंग सावरतो.

मागचा माणूस जवळपास मागच्या चाकाच्या आसावरच बसलेला असतो. त्याचे जवळजवळ सगळे वजन मागच्या दोन शॉकअपवर येते आणि चाकाला बसलेला धक्का सरळ त्याच्या पाठीच्या कण्यात जातो. त्याला पुढचा खड्डा दिसत नाही. त्यातून साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई असेल, तर दोन्ही पाय टेकवून अंग उचलायचीही सोय नाही. वय झालेल्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा वेळी स्पीडब्रेकरवरचा एक जोराचा दणका मणक्याला इजा करू शकतो. म्हणून हा प्रश्न केवळ आरामाचा नाही.

सुरक्षिततेचा भाग आणखी वेगळा. शॉकअपचे काम फक्त धक्का गिळण्याचे नसते, चाक रस्त्याला टेकलेले ठेवण्याचेही असते. चाक हवेत असेल तेवढा वेळ ना ब्रेक लागतो, ना वळणावर पकड मिळते. चोर्ला घाटातल्या वळणावर किंवा वेंगुर्ला रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यावर मागचे चाक नाचायला लागले की काय वाटते, ते ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको.

एका नळीत दोन कामे

शॉकअपकडे पाहिले की डोळ्यांना स्प्रिंग दिसते, आणि स्प्रिंग म्हणजेच शॉकअप असा बहुतेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्यात दोन वेगळी यंत्रे एकत्र आहेत. स्प्रिंग वजन तोलून धरते. धक्का आला की ती दबते आणि ती ऊर्जा साठवते. पण साठवलेले परत देणे हा स्प्रिंगचा धर्म. तिला एकटीला सोडले तर एका खड्ड्यानंतर गाडी चार वेळा वर-खाली उसळत राहील.

त्या उसळण्याला आवर घालते ती स्प्रिंगच्या आतली नळी. तिला डॅम्पर म्हणतात. त्यात तेल भरलेले असते, आणि दांड्याच्या टोकाला असलेला पिस्टन त्या तेलातून वर-खाली सरकतो. पिस्टनमधल्या बारीक भोकांतून तेलाला वाट काढावी लागते. त्या झगड्यात धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि हवेत निघून जाते. खराब रस्त्यावर बराच वेळ गाडी चालवून शॉकअपच्या नळीला जपून हात लावला तर ती कोमट लागते, ती यामुळेच. उद्यमबागेतल्या हायड्रॉलिकच्या कारखान्यांत काम करणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. सिलिंडर, पिस्टन, क्रोम केलेला दांडा आणि ऑईल सील हा त्यांचा रोजचा संसार. डॅम्पर हा त्याच कुटुंबातला धाकटा भाऊ.

एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवावी. चांगला डॅम्पर दाबताना कमी आणि परत वर येताना जास्त विरोध करतो, कारण वर येताना त्याला दबलेल्या स्प्रिंगचा जोर थोपवायचा असतो. म्हणून 'गाडी बसतेय, जरा कडक स्प्रिंग टाकून द्या' हा सल्ला वरवर बरा वाटला तरी अर्धवट आहे. डॅम्पर थकलेला असताना कडक स्प्रिंग घातली तर ती आणखी जोराने उसळी मारते. मागच्या माणसाला मग खालूनही मार आणि वरूनही.

मोटारसायकलींना मागे अशी व्यवस्था पूर्वापार नव्हती. जुन्या गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला सरळ घट्ट बसवलेले असे आणि स्प्रिंगा असत त्या फक्त चालवणाऱ्याच्या सीटखाली. मागच्याने आपली हाडे आपणच सांभाळायची. १९४९ मध्ये आलेल्या बुलेटचे मागचे चाक लोखंडी चिमट्यासारख्या स्विंग आर्ममध्ये धरलेले होते, आणि दोन्ही बाजूंना शॉकअप होते. त्या काळी ही नवलाईच होती. पुढे अनेक दशके भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींनी हीच रचना वापरली. आपल्या कर्नाटकातच, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९६ पर्यंत बनलेल्या जावा आणि येझदीही याच घराण्यातल्या. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते या सगळ्या गाड्यांना लागू पडेल.

शॉकअप गेला हे कसे ओळखावे?

सगळ्यांत आधी टायरमधली हवा बघा. हवा जास्त असेल तर नवा कोरा शॉकअपही दगडासारखा लागतो. कंपनीने एकट्यासाठी आणि दोघांसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात, ते पाळावेत. यात पैसे जात नाहीत.

त्यानंतर गाडी डबल स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. खटखट हलत असेल तर स्विंग आर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग झिजलेले आहे. ते तसेच ठेवून नवे शॉकअप घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नवे गालिचे अंथरण्यासारखे. आधी छप्पर दुरुस्त करावे.

आता शॉकअपची पाळी. दांड्याभोवती तेल ओघळून त्यावर धूळ बसून काळा थर झाला असेल, तर सील गेले. नुसता किंचित ओलसरपणा असेल तर घाबरू नये, पण ओघळ म्हणजे निकाल. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवे सील घातले तरी ते खड्डे त्याला लवकरच फाडतात. वरच्या-खालच्या डोळ्यातले रबरी बुश चिरले असतील, तर लहानशा खड्ड्यातही 'टक' असा आवाज येतो.

मग गाडी स्टँडवरून काढून सरळ धरा आणि मागची सीट जोरात खाली दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली, तर डॅम्पर जिवंत आहे. दोन-तीन वेळा उसळली, तर आतले तेल गेले आहे किंवा झडपा झिजल्या आहेत, मग बाहेरून तेल दिसो वा न दिसो. दाबताना अडखळली किंवा कुरकुरली, तर दांडा वाकला असण्याची शक्यता असते. मागचा टायर ठिकठिकाणी उंच-सखल झिजला असेल, तर चाक बऱ्याच दिवसांपासून नाचते आहे असे समजावे.

घरच्या घरी मोजमाप

हा भाग मला सर्वांत आवडला, कारण त्याला लागतो तो फक्त शिवणकामाचा टेप, घरातला वजनकाटा आणि दोन मदतनीस. सुट्टीच्या दिवशी मुलांना कामाला लावावे.

गाडी डबल स्टँडवर लावा, मागचे चाक अधांतरी लोंबकळू द्या. चाकाच्या आसाच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर एक खूण करा आणि अंतर मोजा. हे पहिले माप. गाडी स्टँडवरून काढून सरळ धरा, तेच अंतर पुन्हा मोजा. हे दुसरे. चालवणारा बसल्यावर तिसरे, मागचा माणूस बसल्यावर चौथे. प्रत्येक वेळी गाडी दोन-तीनदा दाबून सोडावी आणि मग मोजावे, नाहीतर बुशाच्या घर्षणामुळे आकडा चुकतो.

समजा, मापे अनुक्रमे ४००, ३९०, ३७८ आणि ३६३ मिलिमीटर आली. म्हणजे स्वतःच्या वजनाने गाडी १० मिलिमीटर बसली, चालवणाऱ्यासह २२ आणि दोघांसह ३७. आता चाकाची एकूण वर-खाली चाल ८० मिलिमीटर आहे असे धरू. एकटा बसल्यावर चालीचा पाव ते एक तृतीयांश भाग खर्च व्हावा आणि दोघे बसल्यावरही साधारण निम्मी चाल शिल्लक राहावी, असा ढोबळ आडाखा आहे. आपल्या उदाहरणातली गाडी त्यात बसते. पण दोघे बसल्यावर ५५-६० मिलिमीटर खर्च होत असतील, तर उरलेल्या वीस-पंचवीस मिलिमीटरमध्ये स्पीडब्रेकर मावणार नाही. गाडी खाली आपटणारच.

याच आकड्यांतून स्प्रिंगचा कडकपणाही कळतो. मागे बसणाऱ्या व्यक्तीचे वजन ६० किलो आणि तिच्यामुळे गाडी १५ मिलिमीटर बसली, म्हणजे दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला ४ किलो लागतात. एका स्प्रिंगच्या वाट्याला २ किलो. नव्या शॉकअपवर हा आकडा कधी किलोत, कधी न्यूटनमध्ये असतो. एक किलो वजन म्हणजे साधारण १० न्यूटन, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. शॉकअप पुढे झुकते बसवलेले असतील तर चाकाजवळ मोजलेला आकडा स्प्रिंगच्या मूळ आकड्यापेक्षा थोडा कमी येतो.

हा हिशेब कशासाठी? दुकानात 'हेवी ड्युटी' या दोन शब्दांना भुलू नये म्हणून. वर्षातून दोनदा सौंदत्तीच्या यल्लम्माला सामानसुमानासह जायचे म्हणून तीनशे दिवस दगडावर बसायचे, हा व्यवहार परवडणारा नाही. रोज गाडीवर कोण आणि किती बसते, त्यावर स्प्रिंग ठरवावी. आणि तिघे-चौघे बसवून 'स्वल्प अडजस्ट माडी' म्हणणाऱ्यांसाठी कुठल्याच कंपनीने शॉकअप बनवलेला नाही. कायद्यानेही मागे एकालाच बसता येते.

कोणती जोडी घ्यावी?

साधारण चार वाटा असतात.

पहिली वाट मूळ जोडीसारखीच जोडी. गॅब्रिएल, एन्ड्युरन्स, मुंजाल शोवा या कंपन्या वर्षानुवर्षे मोटारसायकल कारखान्यांना शॉकअप पुरवत आल्या आहेत. आपल्या जुन्या शॉकअपच्या नळीवर ठोकलेले नाव आणि क्रमांक पुसून बघावा, त्यावरून बरेच कळते. रोज गावात आणि अधूनमधून खानापूर-चंदगडपर्यंत जाणाऱ्या कुटुंबाला हीच वाट पुरते.

दुसरी वाट दुरुस्तीची. जुन्या काही शॉकअपचे तोंड आट्यांचे असते, ते उघडून सील आणि तेल बदलता येते. दांड्याला पुन्हा क्रोम करून घेता येते. येझदीसारख्या, मूळ कारखाना १९९६ मध्येच बंद झालेल्या गाडीला हा मार्ग कधीकधी सर्वांत चांगला ठरतो, कारण बाजारातल्या नव्या मालाचा दर्जा सारखा नसतो. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर परत आले खरे, पण त्या गाड्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. नाव एकच म्हणून माल मागवू नये. दुरुस्ती करताना तेल शॉकअपचेच आणि सांगितलेल्या दाटपणाचेच हवे. 'जाड तेल घातले की टिकते' म्हणून इंजिन ऑईल भरणारे असतात. जाड तेल त्या बारीक भोकांतून वेळेत जात नाही, आणि मग धक्का तेलात न जिरता पाठीत जिरतो. ज्यांचे तोंड कारखान्यातच दाबून बंद केलेले असते, ते शॉकअप कापून, तेल भरून, वेल्डिंग करून देणाऱ्यांपासून दूरच राहावे.

तिसरी वाट गॅसच्या शॉकअपची. यात गॅस स्प्रिंगचे काम करतो असा एक गैरसमज आहे. साध्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर थोडी हवा असते. खडबडीत रस्त्यावर बराच वेळ दणके बसले की दोन्ही घुसळून ताकासारखा फेस होतो, आणि फेसात पिस्टनला विरोध मिळत नाही. नायट्रोजनचा दाब हा फेस होऊ देत नाही, एवढेच त्याचे मुख्य काम. लांबच्या घाटरस्त्यांवर याचा फायदा नक्की जाणवतो. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर फारसा नाही. काही स्वस्त जोड्यांना लावलेली ती चकचकीत डबी निव्वळ शोभेची असते, हेही ऐकून ठेवावे. खऱ्या गॅसच्या शॉकअपमध्ये मोठा दाब असतो. तो निकामी झाला तरी घरी उघडू नये, कापू नये, आगीजवळ नेऊ नये.

चौथी वाट दुसऱ्या मॉडेलचे शॉकअप 'बसवून' घेण्याची. मापे तंतोतंत जुळली तरच हे करावे, आणि त्या दुसऱ्या गाडीचे वजनही आपल्या गाडीच्या आसपास हवे. हलक्या गाडीची स्प्रिंग बुलेटखाली टिकणार नाही आणि बुलेटची स्प्रिंग शंभर सीसीच्या गाडीखाली दबणार नाही.

आमच्याकडे दुकानात गेल्यावर चिरंजीवांची नजर लाल स्प्रिंगच्या जोडीवर खिळली आणि यांनाही ती आवडली. मी एवढेच विचारले, "यावर बसायचे कुणी?" काळ्या स्प्रिंगची साधी जोडी घेऊन आम्ही घरी आलो.

मापांशी तडजोड नको

वरच्या डोळ्याच्या मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर हे शॉकअपचे मुख्य माप. शॉकअप पूर्ण उघडलेला असताना ते घ्यावे. जुनी आणि नवी जोडी शेजारी उभी करून तपासावे, आणि नव्या जोडीतले दोन्ही एकमेकांशीही ताडून पाहावेत. पाच-सात मिलिमीटरचा फरक चालून जातो, त्यापुढे गाडीचा स्वभाव बदलतो. मागची बाजू उंच झाली की पुढचा फोर्क अधिक सरळ उभा राहतो, हँडल नको इतके चपळ होते, आणि स्टँडवर लावलेली गाडी पडू पाहते. मागची बाजू बुटकी झाली की हँडल जड आणि पुढचे चाक हलके लागते. टायर मडगार्डला घासण्याचा धोका असतो तो वेगळाच. गाडी उंच दिसावी म्हणून शॉकअपच्या खाली लोखंडी पट्ट्यांचे जोड लावायची तरुण मुलांत एक टूम आहे. सगळा भार त्या पट्ट्यांच्या बोल्टवर येतो. आपल्या मुलांना यापासून जरूर रोखावे.

दुसरे माप बुशाच्या भोकाचे. बोल्टपेक्षा भोक मोठे असेल तर मध्ये पत्र्याची गुंडाळी घालून भागवू नये, योग्य बुश मिळतात. तिसरे, खालचे टोक गोल डोळ्याचे आहे की दोन कानांचे, ते पाहावे. चौथे, स्प्रिंगची जाडी. जाड स्प्रिंग चेनकव्हरला किंवा सायलेन्सरला घासते का, ते दुकानातच कळत नाही, म्हणून परत घेण्याची बोली आधीच करावी. 'बुलेटची जोडी' एवढेच सांगूनही भागत नाही. वर्ष आणि मॉडेल सांगावे, शक्य असेल तर जुना शॉकअप सोबतच न्यावा.

बसवताना

एकच शॉकअप गळत असेल तर एकच बदलावा का? आमच्या मेस्त्रींनी याचे उत्तर एका वाक्यात दिले, "अक्का, एरडू कूडे बदली माडबेकरी." दोन्ही बरोबरच बदलायला हवेत. एक तरणा आणि एक म्हातारा बैल जुंपला की नांगर एकीकडे ओढतो, तसेच स्विंग आर्मचे होते. तो पिळवटतो आणि गाडी वळणावर डोलते.

काम फार अवघड नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यावी आणि एका वेळी एकाच बाजूचा शॉकअप काढावा. दुसरी बाजू चाक जागेवर धरून ठेवते, त्यामुळे भोके जुळवायला झटापट करावी लागत नाही. वायसरचा क्रम लक्षात ठेवावा, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. रबरी बुशाला ग्रीस किंवा ऑईल लावू नये, रबर फुगून खराब होते. तेलाचे नवे शॉकअप दुकानात आडवे पडलेले असतात, त्यामुळे आतली हवा भलत्या जागी गेलेली असते. बसवल्यावर सीट पंधरा-वीस वेळा दाबून सोडली की ती वर निघून जाते. असे शॉकअप उलटेही बसवू नयेत. काम झाल्यावर चेनचा ताण पुन्हा तपासावा, कारण मागची उंची बदलली की चेनचा ढिलेपणाही बदलतो. आठ-दहा दिवसांनी सगळे नट एकदा परत आवळून घ्यावेत.

आणि एक गोष्ट बायकांनी स्वतः उभे राहून बघावी. बऱ्याच गाड्यांत साडी गार्ड शॉकअपच्याच बोल्टवर अडकवलेला असतो. शॉकअप काढताना तो निघतो, आणि 'आता याची काय गरज' म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. गरज आहे. साडी, ओढणी चाकात अडकून होणारे अपघात आपण ऐकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार मागच्या माणसासाठी धरायला कडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे आवरण असणे बंधनकारक आहे. साडी गार्ड परत लागल्याशिवाय गाडी गॅरेजमधून हलवू देऊ नये.

खाचांचे गुपित

स्प्रिंगच्या एका टोकाला पायऱ्यापायऱ्यांची एक कडी असते. गाडीसोबत मिळणाऱ्या अर्धचंद्राकृती पान्याने ती फिरवता येते. तिला बहुधा तीन किंवा पाच खाचा असतात. वरची खाच म्हणजे स्प्रिंग कडक, असे सगळे म्हणतात. खरे म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. ती आधीपासून थोडी दाबली गेल्यामुळे गाडी वजनाखाली कमी बसते आणि चाल शिल्लक राहते. एकटे जाताना खालची खाच, दोघे जाताना एक-दोन खाचा वर, असा त्याचा उपयोग आहे. मात्र दोन्ही बाजूंची खाच एकच असली पाहिजे. ज्यांच्या गाडीवर बहुतेक वेळा दोघे असतात त्यांनी ती दोघांच्या हिशेबाने लावून ठेवावी. मघाची मापे पुन्हा घेतली की कोणती खाच योग्य, ते आपोआप कळते.

जुनी गाडी अनेक घरांत केवळ वाहन म्हणून टिकलेली नसते. ती कुणाच्या तरी पहिल्या पगाराची, कुणाच्या लग्नाच्या वर्षाची असते. तिच्या टाकीला पॉलिश होते, दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला जातो. मग तिच्यावरून वर्षानुवर्षे निमूटपणे मागे बसून आलेल्या माणसाच्या कंबरेचीही थोडी आठवण ठेवायला काय हरकत आहे?

शॉकअपची सगळ्यांत खरी चाचणी कुठल्याच गॅरेजमध्ये होत नाही. ती आपल्याच गल्लीत करता येते. गाडी मुलाच्या किंवा भावाच्या हातात द्यावी, चालवणाऱ्याने स्वतः मागे बसावे, आणि 'मुंदे रस्ते उब्बु' अशी पाटी असलेल्या पहिल्या स्पीडब्रेकरवरून नेहमीच्या वेगाने जाऊन यावे. शॉकअप बदलायचे की नाही, याचा निर्णय परत येईपर्यंत झालेला असेल.